रानवही : नाव मागाहून, तारीख आधी

मे महिन्याचं टपाल वर्षातलं सगळ्यात जाड. सुट्टीत माणसं रानात जाऊन येतात आणि परतल्यावर पत्रं लिहितात. त्यातली सहा या अंकात घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण तोच प्रश्न निरनिराळ्या अक्षरांत वर्षभर येतो आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी दुर्बीण घेतली. पक्ष्यांचं एक आणि झाडांचं एक अशी पुस्तकंही घेतली. जमेल त्या रविवारी येऊरच्या रानात जाते, पण नावं लक्षात राहत नाहीत. बरोबरची मंडळी पान बघून फटाफट सांगतात. मी अजून ऐन आणि अर्जुन यांत चुकते. वय ५२. हे मला आता जमेल का? (एक गृहिणी, ठाणे)

उत्तर : ताई, ऐन-अर्जुनाचं आधी उरकून टाकते. ऐनाचं खोड मगरीच्या पाठीसारखं, काळपट आणि चौकोनी भेगांचं. अर्जुनाचं खोड फिकट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारं आणि झाड बहुधा ओढ्या-नदीच्या काठी. पान न बघता खोडावर हात ठेवलात तरी कळेल.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येते. मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली ती आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. माझं बालपण बाभळी आणि लिंबाच्या मुलखातलं. इथे शाळेच्या चारही बाजूंना रान, आणि मला त्यातलं एक झाड ओळखू येईना. मी वही केली. शाळेच्या खालच्या घरात महादेव कोळी समाजातल्या एक आजी राहायच्या, त्यांच्यामागे हिंडून मी नावं लिहून घ्यायला लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी आजी हिरड्याखाली थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, नाव इचारता नि खाली मान घालून लिवत बसता. वर बघा की जरा, काय चाललंय त्याचं."

वर बघितलं. हिरड्याला मोहोर आला होता आणि त्याभोवती माश्यांची अशी घुमघुम चालली होती की ती आधी आपल्या कानावर कशी आली नाही याचंच मला नवल वाटलं. आजींना ती तारीख महत्त्वाची होती. मोहोर कधी आला, यावरून बाळहिरडा (हिरड्याची कोवळी फळं) कधी गोळा करायचा ते ठरतं, आणि बाळहिरड्याच्या पैशावर त्या भागातल्या घरांचं पावसाळ्याआधीचं मीठ-मिरची-बियाणं चालतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडचे हिरडे मोडून पडले. त्या मोडलेल्या फांद्यांपुढे बसलेली माणसं मी पाहिली आहेत. झाडाचं वर्ष आणि माणसाचं वर्ष एकच असतं, हे मला तिथे समजलं.

त्या दिवसापासून मी नावांच्या मागे लागणं सोडलं आणि एक झाड धरलं. शाळेच्या मागची काटेसावर. तुम्हीही येऊरच्या वाटेवरचं एकच झाड धरा. सावर असेल तर उत्तम, कारण ती काहीच लपवत नाही. थंडीत पानं टाकून उघडी होते. फांद्यांच्या टोकांना हिरवट-तपकिरी बोंडांसारख्या कळ्या धरतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत एक दिवस पहिलं फूल उघडतं. माझ्या वहीत एका वर्षी ते २९ जानेवारीला आहे, पुढच्या वर्षी ११ फेब्रुवारीला. मग महिनाभर त्या झाडावर जत्रा असते : बुलबुल, साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, खारी, वानरं. मार्च सरता सरता बोंडं दिसू लागतात, कोवळी पानं येतात आणि मेच्या वाऱ्यात कापूस उडतो.

एकदा खाली पडलेलं फूल उचलून हातात घ्या. ते पाकळी पाकळी गळत नाही, अख्खंच्या अख्खं खाली येतं, थपकन आवाज करत. पाच जाड, मांसल पाकळ्या, आतून तेल लावल्यासारख्या चकाकणाऱ्या. मधे पुंकेसरांचा झुपका. बुडाशी हिरवी वाटी. पहाटेच्या फुलात त्या वाटीत मध असतो आणि बहुतेक वेळा मुंग्या माझ्या आधी पोचलेल्या असतात. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी शाळेच्या कुंपणापलीकडे भेकर येऊन ही फुलं खायचं. फूल चावताना होणारा ओला, करकरीत आवाज मला वर्गाच्या खिडकीतून ऐकू यायचा. भेकरं मी खूप पाहिली आहेत. मात्र हे भेकर मला त्या झाडाने दाखवलं.

वहीची माझी पद्धत सांगते. दोनशे पानी वही घ्या. तीन-तीन पानं एकेका आठवड्याला द्या. बावन्न आठवड्यांची एकशे छप्पन्न पानं होतात, उरलेली मागे किरकोळ नोंदींना. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याची नोंद यंदा त्या पानावर वर लिहा, पुढच्या वर्षीची त्याच पानावर तिच्या खाली. रोजनिशीसारखी सलग लिहू नका, तशी वही चाळली तर काही सापडत नाही. या पद्धतीने तिसऱ्या वर्षी पान उघडलंत की तीन फेब्रुवारी एकाखाली एक उभे असतात. शिसपेन्सिलने लिहा. पावसाचा एक थेंब पडला की शाईचा निळा ओघळ होतो. माझं एक अख्खं श्रावणाचं पान असं गेलं आहे. तारीख, वेळ, जागा, झाड किंवा पाखरू काय करत होतं आणि त्याच्याजवळ आणखी कोण होतं, एवढं पुरे. नाव ठाऊक नसेल तर "काळा, लांब दुभंगलेल्या शेपटीचा, सावरीवरून बाकीच्यांना हाकलणारा" असं लिहा. तो कोतवाल आहे हे आठव्या दिवशी कुणीतरी सांगेलच, आणि मग ते नाव तुम्ही विसरणार नाही. मोबाइलवर नोंदवायची सवय असेल तर 'सीझनवॉच' नावाच्या देशव्यापी उपक्रमात एकाच झाडाची पालवी, फुलं, फळं नियमित नोंदवता येतात. तुमचं झाड तिथेही घाला.

बावन्नाव्या वर्षी जमेल का, असं विचारलंत. झाडापाशी परत परत जाणं तुम्हाला आताच जमतं आहे. दोन वर्षं जमेल तो रविवार न सोडणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

प्रश्न : मार्चअखेर ताम्हिणी घाटातून जाताना एक झाड शेंड्यापासून बुडापर्यंत लालभडक दिसलं. फुलं वाटली म्हणून गाडी थांबवली, तर ती पानं निघाली. आजूबाजूला सगळं वाळलेलं. झाडाला रोग पडला आहे का? वनखात्याला कळवावं का? (नोकरदार, पुणे)

उत्तर : झाड ठणठणीत आहे. तो कोशिंब, काही ठिकाणी त्याला कुसुम म्हणतात. तुम्ही पाहिलीत ती त्याची नवी पालवी.

पानाचा हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य, ते तयार करायला झाडाला बराच खर्च येतो. पान अगदी कोवळं, मऊ असताना ते किडीच्या तोंडी पडलं तर तो खर्च बुडाला. म्हणून कोशिंबासारखी झाडं आधी पान पुरतं वाढवतात आणि हरितद्रव्य मागून भरतात. तोवर पानात अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य असतं, ते उन्हाच्या माऱ्यापासूनही पानाला सांभाळतं. पुन्हा त्या वाटेने गेलात तर पान दोन बोटांत धरून बघा. ओल्या सुती फडक्यासारखं लोंबतं, त्याला अजून ताठा आलेला नसतो. दोन-तीन आठवड्यांत लालाचं तांबूस, मग पोपटी, मग हिरवं होतं आणि मग त्या झाडाकडे कुणी वळूनही पाहत नाही.

वाळलेल्या रानात, भर उन्हाळ्यात, पावसाला दोन-अडीच महिने असताना झाडं पालवतात कशी, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण या लालीमागचं खरं नवल तेच आहे. पानं गाळल्यावर झाडातून पाणी उडून जाणं थांबतं. खोल मुळांनी ओढलेलं पाणी खोडात साठतं. दिवस मोठा होऊ लागला, ही खूण बऱ्याच झाडांना पुरते. आणि लवकर पालवण्यात फायदा आहे. पावसाबरोबर अळ्या-भुंगेऱ्यांची फौज येते, तोवर पान जून आणि चिवट झालेलं असतं. तमिळनाडूतल्या मुदुमलईच्या पानगळीच्या रानात याचा अभ्यास झाला. तिथे आधी पालवणाऱ्या झाडांची पानं कमी खाल्ली गेली, पावसात पालवणाऱ्यांची जास्त, असं निरीक्षण १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे चैत्रपालवी म्हणतात. चैत्रातच का, याचं उत्तर मला त्या अळ्यांच्या तोंडात सापडलं.

याच कोशिंबावर लाखेचे किडे पोसतात आणि त्याची 'कुसुमी लाख' उत्तम समजली जाते. झाडाखाली जून-जुलैत आंबट फळं मिळतील. मुलांना चाखायला द्या.

पत्र : मार्च अंकात तुम्ही लिहिलंत की नवरंग पक्षी 'पहिल्या पावसाबरोबर' येतो. आमच्या वाडीत मी गेल्या वर्षी त्याची शीळ २६ मे रोजी पहाटे ऐकली. पाऊस आला तो पुष्कळ दिवसांनी. (शेतकरी, माणगाव, रायगड)

उत्तर : दादा, तुमचं बरोबर आहे. तुमचं पत्र आल्यावर मी माझी मेच्या शेवटच्या आठवड्याची पानं काढली. तिथेही चार वर्षं नवरंगाची दोन सुरांची शीळ पावसाआधीची लिहिलेली आहे. माझ्याच वहीत असलेलं मी न बघता लिहिलं, ही चूक आहे आणि ती या अंकात दुरुस्त करते : नवरंग मेच्या अखेरीस, पावसाच्या पुढे येतो. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढून तो वीण करायला आपल्या रानात उतरतो. पाऊस सुरू झाला की ओल्या पाचोळ्यात गांडुळं-किडे मुबलक होतात, पिलांची सोय होते. यजमानाच्या आधी पोचून तो जागा धरतो, असं म्हणा.

या निमित्ताने एक सांगायचंच आहे. फोटोसाठी मोबाइलवर नवरंगाची शीळ वाजवून त्याला उघड्यावर बोलवायची पद्धत वाढली आहे. नर ती शीळ म्हणजे दुसरा नर समजतो आणि घरटं बांधायच्या ऐन दिवसांत भांडायला येतो, पुन्हा पुन्हा येतो. हे कुणीही, कितीही चांगल्या फोटोसाठी करू नये. पहाटे साडेपाचला झाडीच्या कडेला गप्प बसलं की तो आपणहून पाचोळा उलटत समोर येतो. मी बसले आहे, तो आला आहे.

प्रश्न : भीमाशंकरच्या पायथ्याशी आमचं राहण्या-जेवणाचं छोटं ठिकाण आहे. आवारातल्या झाडांवर शेकरूची पाच घरटी आहेत, म्हणजे पाच शेकरू आहेत का? दोन घरटी वाळून गेली आहेत, ती पावसाआधी काढून टाकावीत का? छपरावर आलेल्या फांद्याही छाटायच्या आहेत. (व्यावसायिक, खेड तालुका)

उत्तर : पाच घरटी एकट्या शेकरूचीही असू शकतात. शेकरू आपल्या हद्दीत एकाहून जास्त घरटी बांधतो. एखाद्यात झोपतो, एखाद्यात मादी पिलू वाढवते. धोका दिसला की पिलाला तोंडात धरून दुसरीकडे नेता येतं. म्हणून वाळलेलं दिसलं तरी ते टाकून दिलेलंच आहे असं समजू नका, काढू नका. घरटं नेहमी फांदीच्या बारीक टोकाकडे असतं ते एवढ्याचसाठी की वजनदार शिकाऱ्याला तिथवर जाता येऊ नये.

फांद्यांचं अधिक काळजीचं आहे. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. झाडाची फांदी झाडाला भिडलेली असणं हाच त्याचा रस्ता. तुमच्या छपरावरची फांदी दोन झाडांना जोडणारी असेल आणि ती छाटलीत, तर घरटी राहतील आणि वाट तुटेल. छाटण्याआधी दोन दिवस सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी चारनंतर बसून बघा, तो कुठून कुठे जातो. जी फांदी तो वापरत नाही तीच काढा. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. १९८५ मध्ये भीमाशंकरचं अभयारण्य झालं ते प्रामुख्याने त्याच्यासाठी. वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण त्याला तुमच्या आवारातही आहे. पाहुण्यांना सांगा की दुपारी तो फांदीवर पोट टेकून, चारी पाय आणि शेपूट खाली सोडून झोपतो. तेव्हा टाळ्या वाजवू नयेत.

प्रश्न : कारवी सात वर्षांनी फुलते ना? मग या वर्षी फुलणार की पुढच्या? सहलीचं ठरवायचं आहे. (नाशिक)

उत्तर : सगळ्या सह्याद्रीचं मिळून एक वर्ष नसतं. प्रत्येक डोंगर आपापला हिशेब ठेवतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ आणि २०१६ मध्ये मोठा फुलोरा झाला. दुसऱ्या घाटात तीच वर्षं कोरडी गेली असतील. आपण सात वर्षं म्हणतो, फुलोरा बहुधा आठव्या पावसाळ्यात येतो. केरळात मुन्नारची नीलकुरिंजी, कारवीचीच बहीण, बारा वर्षांनी फुलते, २०१८ मध्ये फुलली होती. अधूनमधून चुकार झुडपं फुलतात, ती बघून फसू नका. ज्या डोंगरावर जायचं आहे त्याच्या पायथ्याच्या गावात विचारा. कुडाच्या भिंतीसाठी कारवी तोडणाऱ्यांना आणि मध काढणाऱ्यांना मागच्या फुलोऱ्याचं साल पाठ असतं. फुलून गेलेल्या वर्षानंतरचा उतारही बघायला जा. सगळी कारवी एकदम मेलेली, काटक्यांचा करडा डोंगर, आणि पाऊस पडला की त्या काटक्यांखाली रोपांचा हिरवा गालिचा. तो बघायला कुणी जात नाही, तुम्ही जा.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमचे आजोबा पाऊस-पाणी नक्षत्रावर सांगतात, 'मृग लागला की लाल किडे निघतील' म्हणतात. सर म्हणाले, तारीख लिहा. मी वहीत काय लिहू? आणि मृगाचा किडा विषारी असतो का? (विद्यार्थी, जुन्नर तालुका)

उत्तर : बाळा, दोन्ही लिही. आजोबांचंही बरोबर आहे आणि सरांचंही. पावसाची नक्षत्रं सूर्यावरून मोजतात, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला. तारखेशी त्यांचा मेळ बसतो. वहीत फक्त 'श्रावणात दिसलं' असं मात्र लिहू नकोस. आपले महिने चंद्रावर चालतात, त्यांचं वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असतं आणि ते भरून काढायला अधिक महिना येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, तेव्हा खरा श्रावण ऑगस्टच्या मध्यानंतर लागला. दोन वर्षांच्या श्रावणातली फुलं जुळवायला गेलास तर तीन आठवड्यांचा घोळ होईल. आपल्या जुन्या माणसांनी मात्र आषाढात फुलणाऱ्या एका पांढऱ्या आमरीचं (ऑर्किडचं) नावच 'आषाढ आमरी' ठेवलं आहे. पहिले पाऊस झाले की माळावर शोध. जमिनीलगत एखादं पान आणि वर पांढरी फुलं. उपटू नकोस, कंद तसाच राहिला तर पुढच्या वर्षी तिथेच येईल.

मृगाचा किडा विषारी नाही, चावतही नाही. आणि तो खरं तर किडा नाही. तळहातावर घे आणि पाय मोज. किड्याला सहा पाय असतात, याला आठ भरतील. तो कोळी-गोचिडांच्या गोतावळ्यातला. अंगावरचं मखमल एका दिशेने हलकेच बोट फिरवून बघ. तो पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखा पडून राहील. मोजायला सुरुवात कर, साठ-सत्तर आकड्यांत पुन्हा चालू लागेल. चालू लागला की जिथून उचललास तिथेच सोड. वर्षातला बहुतेक काळ तो मातीत असतो, पहिल्या दमदार पावसानंतर थोडे दिवस वर दिसतो, मग पुन्हा खाली. त्यामुळे शाळा सुरू व्हायच्या गडबडीत तो चुकतो. आजोबांना सांगून ठेव, पाऊस पडून गेला की सकाळी तुला बांधावर घेऊन जातील.

पहिला दिसला की तारीख, वेळ, जागा, आदल्या रात्री पाऊस किती वेळ पडला ते आणि माती कसली होती (काळी, तांबडी, मुरमाड) एवढं पोस्टकार्डावर लिहून मला पाठव. जुलैच्या अंकात या सदराची सुरुवात तुझ्या नोंदीने करू. इतर वाचकांनीही आपापल्या गावच्या पाठवाव्यात. पत्रं २० जूनपर्यंत पोचली पाहिजेत.